कसनासूर, जांभुळखेडा आणि दिल्लीची नावं

२०२५च्या मे महिन्यात देशात एकाच वेळी दोन ऑपरेशन सुरू होती. एक 'सिंदूर'. ते शेंबड्या पोराच्याही तोंडी बसलं. त्या नावाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून अर्जसुद्धा पडले. दुसरं 'ब्लॅक फॉरेस्ट'. छत्तीसगड-तेलंगणाच्या सीमेवर करेगुट्टाच्या डोंगरात ते २१ दिवस चाललं, ३१ माओवादी मारले गेले आणि ११ मेला ते आटोपलं. गूगल न करता हे नाव किती जणांना आठवलं असतं, खरं सांगा.

नसेल आठवलं तरी काही बिघडत नाही. आम्हा गडचिरोलीकरांच्याही लक्षात ही नावं राहत नाहीत. आम्ही गाव सांगतो. मरकेगाव म्हणजे फेब्रुवारी २००९, १५ पोलीस. हत्तीगोटा म्हणजे त्याच वर्षीचा मे, १६ पोलीस, त्यात ५ महिला. लाहेरी म्हणजे ऑक्टोबर, १७. नक्षल्यांच्या बाजूचं बोलायचं तर कसनासूर, मर्दिनटोला, वांडोली. दोन्हीकडची मयतं आमच्याकडे गावाच्या नावानंच मोजली जातात, आणि बरेचदा दोन्हीकडची माणसंही त्याच चार-पाच तालुक्यांतली असतात. सी-सिक्स्टीत, म्हणजे पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकात भरती होणारा पोरगा इथलाच, दलममध्ये, म्हणजे नक्षल्यांच्या हत्यारबंद टोळीत गेलेलाही इथलाच. (दलम चालवणारे मोठे पुढारी मात्र बहुतेक तेलुगू. हेही सांगायला हवं, आपल्याकडे ते सोयीनं गाळलं जातं.)

त्याच २००९मध्ये माओवाद्यांविरुद्धचं 'ग्रीन हंट' आलं. वर्तमानपत्रं ते नाव छापत होती, आणि तेव्हाचे गृहमंत्री चिदंबरम सांगत होते की असं काही ऑपरेशनच नाही, हा माध्यमांचा शोध आहे. म्हणजे बघा, निमलष्करी तुकड्या जंगलात उतरल्या, ६ एप्रिल २०१०ला छत्तीसगडच्या ताडमेटलाला एका सकाळी ७६ जवान गेले, पण ज्या मोहिमेचं नाव सगळ्या देशाच्या तोंडी होतं तिला कागदावर बापच नाही. सुरू कधी झाली, संपली कधी, जबाबदार कोण, विचारायचं कुणाला?

'ब्लू स्टार'बद्दल तुमचं मत काहीही असो. जून १९८४ची सुवर्णमंदिरातली ती कारवाई आपली असल्याचं सरकारनं मान्य केलं आणि जुलैत श्वेतपत्रिका काढली. तिच्यातले आकडे अनेकांना आजही पटत नाहीत, पण भांडायला हातात कागद तरी आहे. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांनी त्या कारवाईची किंमत १९८६मध्ये आपल्या पुण्यात, भर रस्त्यात जीव देऊन मोजली. तेव्हा माझं भांडण नावाशी नाही. नाव खुशाल द्या, पण त्याखाली कुणाची तरी सही हवी.

गर्जना करणाऱ्या नावांपेक्षा मला जास्त भीती गुळमुळीत नावांची वाटते. मराठवाड्यातली जुनी माणसं निजामाच्या हैदराबादवरच्या १९४८च्या सप्टेंबरमधल्या चढाईला अजून 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. रणगाडे लष्कराचे, सेनापती मेजर जनरल चौधरी, लष्करातलं नाव 'ऑपरेशन पोलो', आणि जगाला सांगायला पोलीस कारवाई. रझाकारांचा जुलूम मोडायलाच हवा होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या दिवसांत आणि नंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्ग्याकडे मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं त्याची पाहणी सुंदरलाल समितीनं केली, २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला, आणि तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. पोलिसांच्या साध्या कारवाईत एवढी माणसं मरतील कशी, असं म्हणायची सोय त्या नावातच होती.

मिझोराममध्येही तेच. १९६६मध्ये बंड करणाऱ्या मिझो नॅशनल फ्रंटनं आपल्या उठावाला 'ऑपरेशन जेरिको' म्हटलं होतं. बायबलमधल्या त्या शहराच्या भिंती आपोआप कोसळल्या होत्या ना! (मोठ्या नावांचा सोस फक्त सरकारलाच असतो असं नाही.) उत्तरादाखल आपण आपल्याच ऐजॉलवर विमानांतून बाँब टाकले. पुढे गावं रिकामी करून, जाळून, माणसांना रस्त्याकाठच्या पहाऱ्यातल्या वस्त्यांत कोंबलं आणि त्या वस्त्यांना 'प्रोटेक्टेड अँड प्रोग्रेसिव्ह व्हिलेज' असं नाव दिलं. बस्तरमध्ये २००५ला माओवाद्यांविरुद्ध 'सलवा जुडूम' निघालं, ते सरकारी भाषेत शांती अभियान. त्या शांतीत गावंच्या गावं ओस पडली. शेवटी ५ जुलै २०११ला सर्वोच्च न्यायालयानं आदिवासी पोरांच्या हाती बंदुका देण्याचा तो प्रकार घटनाबाह्य ठरवला.

आता कसनासूरकडे येतो. २२ एप्रिल २०१८. त्या दोन-तीन दिवसांतल्या चकमकींत मिळून सुमारे ४० माणसं मारली गेली, कित्येक मृतदेह नंतर इंद्रावतीतून काढावे लागले. पोलिसांच्या दृष्टीनं तोवरचं सगळ्यांत मोठं यश, आणि ते होतंही. त्याच वेळी गट्टेपल्लीचे आईबाप सांगत होते की आमची पोरं लग्नाला म्हणून निघाली होती. पोलीस म्हणाले, ती नुकतीच दलममध्ये गेलेली होती. कोण खरं, ते मी इथे बसून ठरवणार नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. जानेवारी २०१९मध्ये नक्षल्यांनी कसनासूरचीच तीन माणसं मारली, तुम्हीच खबर दिली म्हणून. खटला नाही, पुरावा नाही, रस्त्यावर प्रेतं. आणि १ मेला, ऐन महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेडा. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली, ते बघायला क्यूआरटीची, म्हणजे पोलिसांच्या शीघ्र प्रतिसाद पथकाची पोरं खासगी गाडीतून निघाली आणि सुरुंगानं १५ जवान आणि ड्रायव्हर गेले.

दिल्लीतून बघितलं तर या तीन वेगवेगळ्या घटना. आमच्याकडे ती एकच साखळी आहे आणि तिच्यात अडकलेल्या कसनासूरच्या माणसाला कुठल्याच ऑपरेशनच्या नावात जागा नाही.

मी बंदुकीच्या विरोधात आहे असा कुणी अर्थ काढू नये. ज्यांनी शाळा उडवल्या, पोलीसपाटलांना मारलं, दर नक्षल सप्ताहात झाडं तोडून रस्ते अडवले, आजारी माणसाची गाडीसुद्धा पुढे जाऊ दिली नाही, त्यांच्यापुढे हात जोडून भागलं नसतं. पोलिसांचा दबाव नसता तर ऑक्टोबर २०२५मध्ये माओवादी पक्षाच्या पॉलिट ब्युरोतला, म्हणजे अगदी वरच्या फळीतला भूपती ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत हत्यारं खाली ठेवायला आला असता, असं मला वाटत नाही. त्याची बायको तारक्का त्याच वर्षी १ जानेवारीला आली होती. पण नुसत्या दबावानंही तो आला नसता. २००५पासूनचं आत्मसमर्पणाचं धोरण, तालुक्यातालुक्यांत उभी राहिलेली पोलीस मदत केंद्रं, रस्ते, मोबाईलचे टॉवर आणि आधी परतलेल्यांचं बरं चाललंय ही आत पोचलेली बातमी, हे सगळं मिळून ते घडलं. त्या वीस वर्षांच्या कामाला कुणी नाव दिलं नाही. दिलं असतं तर कदाचित ते बिघडलंही असतं.

बळ वापरायचंय ते आपल्याच नागरिकांवर. शत्रूचा सैनिक मेला तर पंचनामा होत नाही, इथे व्हायलाच हवा. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चकमकीतल्या मृत्यूंबद्दल नियम घालून दिले: गुन्हा नोंदवायचा, स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी, आणि शौर्य निर्विवाद ठरेपर्यंत बक्षीस किंवा बढती नाही. खटला महाराष्ट्रातलाच होता, मुंबईच्या एन्काउंटरचा. गडचिरोलीलाही तेच नियम लागू आहेत.

केंद्रीय गृहमंत्र्यांनी नक्षलवाद संपवायला ३१ मार्च २०२६ ही तारीख दिली. तारीख दिली याचं मी स्वागतच करतो, निदान शेवट तरी कुणीतरी ठरवला. त्यासोबत माझी एक मागणी आहे. १९८० नंतर या जिल्ह्यात चकमकीत, सुरुंगात आणि 'खबऱ्या' ठरवून जी माणसं मारली गेली त्यांची गाववार यादी सरकारनं जाहीर करावी. पोलीस, नक्षली, गावकरी, सगळे. प्रत्येक नावापुढे चौकशी झाली का आणि तिचं काय झालं, एवढा एक रकाना. वेबसाइट वगैरे नको, तिथे सगळीकडे रेंज नसते. एटापल्ली आणि भामरागडच्या तहसील कार्यालयाच्या फलकावर, मराठी आणि गोंडीत लावली तरी चालेल.