काळ्या मातीच्या पांदणी पावसाळ्यात सोडा, मुरमावर चला

झड उघडून जरा ऊन पडलं की आमच्या नागपूरच्या ऑफरोड बाइकच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात. उद्या सकाळी कुठं? कोण कोण येतंय? चिखल किती असेल? त्या मेसेजची मी वर्षभर वाट बघते. पावसाळ्यातली राइड मला सगळ्यात प्यारी, म्हणूनच हे लिहितेय. ज्यांना राग येईल त्यांनी आधी पूर्ण वाचावं, मग रागवावं. पाऊस पडल्यावर काळ्या मातीच्या पांदणीत, म्हणजे वावरात जायच्या कच्च्या वाटेत, गाड्या घालणं आपण बंद केलं पाहिजे. अगदी बंद.

नागपूर दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या पूर्वेकडच्या टोकाशी वसलंय. सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची. पश्चिमेला हिंगणा, कळमेश्वर, काटोल, कोंढाळीकडे निघालं की टेकड्यांवर हा खडक झिजून मुरूम झालेला दिसतो, आणि सखल भागात साचलेली खोल काळी माती. एकाच राइडमध्ये दोन्ही भेटतात. मुरमावरचं पाणी बघता बघता वाहून जातं, उघाड मिळाली की टायर पकड घ्यायला लागतो. काळ्या मातीतली चिकणमाती मात्र पाणी पिऊन फुगते. वरची साय वाळून गाडी जाईल असं वाटतं, पण टाच दाबून बघा, खाली सगळं ओलं असतं.

या मातीत गाडी घातली की पहिले काही मीटर बरं चालतं. मग नॉबी टायरच्या खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. त्यावर थरावर थर चढतो, मडगार्ड आणि टायर यांच्यातली फट गच्च भरते आणि पुढचं चाक फिरायचंच थांबतं. मागचं चाक जागच्या जागी फिरत खड्डा करतं, क्लचचा जळका वास येतो. उतरा, धुऱ्यावरच्या ढिगातून पऱ्हाटीची काडी उपसा आणि मडगार्डखालून माती कोरत बसा. काडी मोडते, शेवटी बोटंच घालावी लागतात. दहा पावलं पुढं गेलं की पुन्हा तेच. ग्राउंड क्लिअरन्स कितीही असू द्या, इथं अडचण त्या फटीची आहे. काही जण उंच मडगार्ड लावून वेळ मारून नेतात, पण चेनवर आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मपाशी बसणारी माती कुठं जाणार?

तरीही गाडीचं काय, आपण घरी येऊन पाइप लावून धुतो. पांदणीत मागं काय राहतं ते बघायला कोणी परत जात नाही. सात-आठ गाड्या एकामागोमाग एकाच रेषेतून गेल्या की तिथं चरी पडते. पुढच्या सरीत तिच्यात पाणी साचतं, चरी आणखी खोल होते. मग आठवडाभर उघाड मिळाली की फुगलेली माती आक्रसते, चरीच्या कडा वाळून कडक होतात आणि तशाच राहतात. बैलबंडीचं चाक त्यात अडकतं, बैलाचा खूर मुरगळतो. आणि हे सगळं नेमकं डवरणी, फवारणी, खताच्या दिवसांत, जेव्हा शेतकऱ्याला वावरात रोज जावंच लागतं.

मागच्या पावसाळ्यात कळमेश्वरच्या पलीकडे एका पांदणीच्या तोंडाशी आम्ही थांबलो होतो. रस्त्याच्या कडेला युरियाची पोती उतरवलेली, आणि एक काका त्यातलं एक डोक्यावर घेऊन निघालेले. युरियाचं पोतं म्हणजे ४५ किलो. बंडी कुठाय म्हणून विचारलं तर म्हणाले, “बंडी फसते बाई. काल गाड्यावाले पोट्टे आले होते, सारी पांदण खोदून गेले. तुमची मजा होते, मंग आमचं खत वावरात कसं जाईन?” ते पोट्टे आमच्यातले नव्हते. मी तसं बोलले नाही, कारण त्यांच्या लेखी हेल्मेट-बूट घातलेले आम्ही सगळे एकच, आणि ते बरोबरच आहे. आमच्यातल्या दोघांनी उरलेली पोती उचलून त्यांच्या धुऱ्यापर्यंत पोचवली. प्रत्येक पावलाला घोट्यापर्यंत पाय रुतत होता. त्या दिवशी आम्ही पांदणीत गाड्या घातल्या नाहीत.

यावर दोन उत्तरं मला नेहमी ऐकू येतात. एक, पांदण गावनकाशावर आहे, रस्ता सर्वांचा आहे. मान्य, पण ती तिथं आहे वावरात जाण्यायेण्यासाठी. बुजलेली किंवा अडवलेली वहिवाट मोकळी करून घ्यायला शेतकरी अजूनही १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारापुढं उभा राहतो, तारखा करतो. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आली तरी कच्च्या पांदणी आजही ढिगानं आहेत. इतक्या खटपटीनं मिळालेला रस्ता आपण एका सकाळच्या खेळासाठी खोदायचा, हे मला पटत नाही. दुसरं उत्तर, ट्रॅक्टर आपल्यापेक्षा किती जड, तो नाही का खराब करत? करतो. पण तो कामासाठी जातो, पडलेली चरी भरायलाही त्याच गावातली माणसं असतात, आणि झडीत तर ट्रॅक्टरवालेही वावरात जायचं टाळतात. आपल्याला तेवढी घाई कशाची आहे?

चिखलाचा नाद सोडा असं मी म्हणत नाहीये. हिंगण्याच्या पुढं झिलपी तलावाच्या बाजूला टेकड्यांचे मुरमाड उतार आहेत, काटोल रोडला माळरानं आहेत. तिथं पावसानंतर चालवण्यात जी मजा आहे ती काळ्या मातीत काडीनं चाक कोरण्यात नाही. एक्सपल्स बाइकचं पुढचं २१ इंची चाक त्या दगडांवरून सुरेख चढतं. टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, मागचं एबीएस बंद करता येत असेल तर करा, फूटपेगवर उभे राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखा थ्रॉटल ठेवा. नजर चाकापुढच्या दगडावर नको, लांब वळणावर हवी, कारण गाडी नजरेमागं जाते. चढावर अर्ध्यात बंद पडली तर तिच्याशी झुंजू नका, क्लच न दाबता गिअरमध्येच राहू द्या आणि हळूच आडवी करा. बेसॉल्टवर शेवाळ धरलेलं असतं, तिथं पुढचा ब्रेक म्हणजे पडणं ठरलेलं.

नाल्यात आधी पायी उतरून खोली बघा. वर कुठं पाऊस झाला असेल तर इथं ऊन असतानाही पाणी चढतं. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर परत फिरा, त्यावर ग्रुपमध्ये मतदान नको. इंजिनात पाणी गेलं तर स्टार्टरला हात लावायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, पाणी बाहेर येऊ द्या. आणि रानडुकरांसाठी वावराभोवती ओढलेल्या झटका मशीनच्या विजेच्या तारा पावसाळी गवतात दिसत नाहीत, त्यामुळे पायवाट सोडून वावराच्या कडेनं शॉर्टकट काढायचाच नाही.

जंगलाचं एका वाक्यात सांगते. पेंचचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असतो, आणि गेट नाही म्हणून बोर किंवा कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूनं आडवाटेनं आत शिरायचं हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. अशा राइडला मी येत नाही, कोणाला नेतही नाही.

ग्रुप मोठा असला की नुकसान वाढतं, हेही बोलायला हवं. पुढं रस्ता माहीत असलेला, शेवटी सगळ्यात अनुभवी आणि टूलकिटवाला, मधे नवखे, आणि प्रत्येक फाट्यावर मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं. इतक्या शिस्तीत चालणारा लहान ग्रुप नवख्यांनाही सांभाळतो आणि पांदणीच्या तोंडाशी परत फिरायचं ठरलं तर सगळ्यांना फिरवूही शकतो. वीस-पंचवीस गाड्यांच्या रांगेत ते होत नाही. पुढचा आत घुसला की मागचे आपोआप घुसतात.

आणि एक विनंती, खास करून ट्रॅक फाईल शेअर करणाऱ्यांना. ‘जबरदस्त चिखल’ म्हणून तुम्ही पांदणीची लोकेशन ग्रुपवर टाकता. पुढच्या रविवारी तिथं तुम्हाला न ओळखणारे तीन ग्रुप पोचतात. काळ्या मातीतले असे जितके ट्रॅक तुम्ही टाकले असतील तितके आज काढून टाका, दिवाळीनंतर जमीन वाळली की पुन्हा टाका. मुरमाचे ट्रॅक कोणाला हवे असतील तर कमेंटमध्ये सांगा, माझ्याकडचे मी पाठवते.