फॅटी लिव्हर जोपासावं कसं?

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ दिसलं तर अजिबात घाबरू नका. दुखत नाही, खुपत नाही. कित्येकदा रक्तातली एन्झाइमंही नॉर्मल निघतात. इतक्या गरीब स्वभावाचा आजार लाभायला नशीब लागतं. तो नीट वाढवायचा तर पोटाची काळजी सोडा आणि मांड्यांचं बघा. म्हणजे, बघू नका.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलायचं बरंचसं काम इन्सुलिनच्या हुकमावरून स्नायू करतात, आणि त्यांत मांड्या-नितंबांचे स्नायू म्हणजे सगळ्यांत दांडगे हमाल. त्यांना बसवून ठेवा. बसून बसून ते आधी इन्सुलिनचं ऐकेनासे होतात, मग आकारानेही घटतात. साखर बिचारी जाणार कुठे? यकृताकडे. यकृत भिडस्त, नाही म्हणता येत नाही. जादा साखरेची चरबी करून ठेवून घेतं. पाच टक्क्यांहून जास्त यकृतपेशींत चरबी साठली की किताब तुमचा.

पुढचं आपोआप होतं. चरबीने येणारा दाह स्नायूंची झीज वाढवतो, स्नायू घटले की यकृतावर आणखी भार. तुम्हाला बोटसुद्धा हलवावं लागत नाही, किंबहुना ते हलवूच नका. मजल सिरॉसिसपर्यंत, म्हणजे यकृत व्रण पडून निबर होण्यापर्यंत, गेली तर यकृताला न आवरणारा अमोनिया (शरीरातला विषारी कचरा) निस्तरायचं कामही स्नायूंच्याच गळ्यात पडतं, आणि तोच अमोनिया त्यांना कुरतडतो.

या सगळ्यात वजनकाट्यावर अढळ श्रद्धा हवी. स्नायू गेले, तेवढीच चरबी आली, तर काटा ढिम्म हलत नाही आणि ‘वजन कसं मेंटेन केलंय!’ म्हणून चारचौघांत मिरवता येतं. सडपातळ मंडळींनी तर निर्धास्तच राहावं. हा आजार फक्त जाड्यांचा, हा समज फार सोयीचा आहे. वजन उतरवायची लहर आलीच, तर उपाशी राहून, प्रथिनांना फाटा देऊन, झटपट उतरवा. चरबीच्या जोडीला स्नायूही जातात. डॉक्टर ७ ते १० टक्के वजन कमी करा म्हणतात ना? किती ते ऐका, कसं ते ऐकू नका.

धोका एकच, व्यायामाचा. वजन तसूभर न उतरताही नुसत्या व्यायामाने यकृतातली चरबी घटते, असं संशोधकांनी दाखवून ठेवलंय (यांना दुसरे उद्योग नाहीत). जागतिक आरोग्य संघटना तर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि वर दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. फार तर फोनवर बोलत रमतगमत चाला. वजनं उचलणं मात्र ‘आता आपलं वय आहे का’ म्हणून टाळा.

आणखी एक चाचणी आहे, ती चुकूनही करू नका: हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं. स्नायूंची झीज ओळखायच्या २०१९च्या आशियाई निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागली तर पाय कमी पडताहेत असं समजतात. त्यापेक्षा दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे दाबत, पुढे झुकत, ‘आई गं’ म्हणत सावकाश उठा. कुणी विचारलंच, तर नाव घ्यायला गुडघे आहेतच.