थंडी कमी, तरी फुले लवकर कशी?

आपली प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. आपला मुख्य आक्षेप असा, की ट्यूलिप-डॅफोडिलच्या कंदांना फुलण्यासाठी थंडी लागते असे मी आधी म्हटले आणि पुढे, हिवाळे सौम्य झाल्याने इंग्लंडमध्ये कंदफुले लवकर येऊ लागली असेही लिहिले. या दोन विधानांचा मेळ बसत नाही, असे आपले म्हणणे. शिवाय एखाद्या उबदार वर्षावरून निष्कर्ष काढणे घाईचे आहे, आणि मुंबईकराला त्याचे काय, असेही आपण विचारले आहे.

मेळ बसतो, तो कंदाच्या आतल्या क्रमामुळे. ट्यूलिपची कळी कंद सुप्त असतानाच, उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत आत तयार झालेली असते. त्यानंतर साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालचा गारवा मिळाला, की दांडा नीट वाढू शकतो. ही गरज भागल्यावर मात्र वाढीचा वेग ठरतो तो उबेवर. इंग्लंडचा सौम्य हिवाळाही स्नोड्रॉप-डॅफोडिलना पुरेल इतका गार असतो, त्यामुळे लवकर आलेली ऊब त्यांना लवकर फुलवते. थंडी खरोखरच अपुरी पडली, तर मात्र आपल्या आक्षेपाप्रमाणे फुलणे अडते. मुंबईत थंडी न दिलेले ट्यूलिपचे कंद कुंडीत लावले तर बहुधा नुसती पाने येतात, किंवा खुजी कळी पानांतच अडकून सुकते. म्हणून हौशी मंडळी ते आधी कागदी पिशवीत घालून फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यात ठेवतात, आणि तिथे सफरचंदे ठेवत नाहीत, कारण पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कंदातली कळी मारतो.

एका वर्षाबद्दलची आपली सावधगिरी रास्त आहे. डिसेंबर २०१५ ब्रिटनमध्ये विलक्षण उबदार गेला आणि नाताळच्या सुमारास डॅफोडिल फुलले, पण तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. काही वाण तर मुळातच लवकर फुलणारे असतात. म्हणूनच दीर्घकाळच्या नोंदी पाहाव्या लागतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ४०६ प्रजातींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १९८७ ते २०१९ या काळात पहिले फूल १९८६ पर्यंतच्या काळाच्या तुलनेत सरासरी जवळपास महिनाभर आधी आल्याचे दिसले, आणि वृक्षांपेक्षा छोट्या, मऊ खोडाच्या वनस्पतींत हा फरक अधिक होता. जपानमधल्या क्योटोतील चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत. तिथे २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला ऐन बहर तोपर्यंतच्या साऱ्या नोंदींत सर्वांत लवकरचा ठरला. चेरी कंदवर्गीय नव्हे, पण तिलाही आधी थंडी आणि मग ऊब लागते.

राहिला मुंबईचा प्रश्न. आपल्याकडचा मे फ्लॉवर हाही कंदच, पण तो थंडीची वाट पाहत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर त्याचा लाल गोंडा वर येतो. त्यामुळे इंग्लंडचे अनुमान त्याला लावता येणार नाही, त्याच्या नोंदी आपणच ठेवायला हव्यात, आणि त्या फार थोड्या ठेवल्या जातात याची मला मनापासून खंत वाटते. आपल्या घरी मे फ्लॉवरची कुंडी असेल आणि गोंडा कधी उमलला याच्या जुन्या तारखा, अगदी जुन्या छायाचित्रांवरून का होईना, सापडत असतील, तर त्या इथे अवश्य लिहाव्यात.