गोल्डबर्गला कुस्ती येत नव्हती, हे अर्धंच खरं आहे

रेसलिंगच्या गप्पांत बिल गोल्डबर्गचं, म्हणजे नव्वदीत गाजलेल्या त्या अमेरिकन रेसलरचं, नाव निघालं की लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, असा गडी पुन्हा होणे नाही. दुसऱ्याचं म्हणणं, कसला गडी, दोन डाव येत होते, तिसरा करायला सांगितला तर समोरचा दवाखान्यात. मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत. कारण हा माणूस रिंगमध्येही शेवटपर्यंत फुटबॉलच खेळत राहिला. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक खुलासा. कोल्हापूरकरांना फुटबॉल आणि तालीम ही जोडी नवीन नाही, त्यांच्या संघांची नावंच पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशी. पण हा तो फुटबॉल नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल: डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, लांबट चेंडू आणि दोन्हीकडून एकमेकांवर आदळणारे सव्वाशे-दीडशे किलोचे लाइनमन. गोल्डबर्ग डिफेन्सिव्ह टॅकल होता, म्हणजे बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा. काम एकच. समोरची भिंत फोडायची आणि चेंडू ज्याच्याकडे असेल त्याला लोळवायचं.

या जागेवरचा खेळाडू कसा घडतो ते नीट बघा, पुढचं सगळं त्यात आहे. वाकून एक हात जमिनीला टेकवून उभं राहायचं, चेंडू हलला की उसळायचं. पाच-सहा सेकंदांत डाव संपतो. मग अर्धा मिनिट श्वास घ्यायचा, पुन्हा वाकायचं. शरीराला सवय लागते ती थोड्या सेकंदांत सगळं ओतायची. अंगावर घेतलेल्या माणसाला अलगद खाली ठेवायची सवय तिथे कुणी लावत नाही, लावलीच तर प्रशिक्षक घरी पाठवेल.

गोल्डबर्ग जॉर्जिया विद्यापीठाकडून खेळला. १९९० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, लॉस एंजेलिस रॅम्सनी त्याला अकराव्या फेरीत घेतलं, ३०२ व्या क्रमांकावर. थोडक्यात, आलास तर ये. मग अटलांटा फाल्कन्स. एनएफएलमधले, म्हणजे या खेळाच्या मोठ्या व्यावसायिक लीगमधले, त्याचे सामने मोजून १४. ओटीपोटाचा स्नायू हाडापासून सुटला आणि तिथून परतीचा रस्ता राहिला नाही. १९९५ मध्ये कॅरोलायना पँथर्स हा नवा संघ आला, त्याने याला घेतलं आणि काढूनही टाकलं. त्या संघाने काढलेला पहिला खेळाडू हाच. रेसलिंगमधल्या बऱ्याच मोठ्या नावांमागे असा एक नारळ असतो. द रॉकलाही त्याच वर्षी कॅनडातल्या कॅलगरी संघाने दिला होता.

फुटबॉलवरून रिंगकडे जाणारी ही वाट जुनी आहे. गस सोनेनबर्गने १९२९ मध्ये बॉस्टनला एड लुईससारख्या मुरलेल्या पैलवानाला हरवून जागतिक किताब घेतला तो उडी मारून केलेल्या टॅकलच्या जोरावर. तोवर रिंगमध्ये तास-तास पकडी चालायच्या. शिकागो बेअर्सचा ब्रॉन्को नागुर्स्की १९३७ मध्ये विजेता झाला. फ्लोरिडा स्टेटकडून खेळलेला रॉन सिमन्स २ ऑगस्ट १९९२ ला बाल्टिमोरमध्ये व्हेडरला हरवून डब्ल्यूसीडब्ल्यू या रेसलिंग कंपनीचा पहिला कृष्णवर्णीय विश्वविजेता झाला. म्हणजे गोल्डबर्ग या घराण्यातला पहिला नव्हे. पण फुटबॉल जसाच्या तसा, न उकडता न सोलता रिंगमध्ये आणला तो याने.

आता त्याचा पहिला डाव, स्पिअर: धावत येऊन समोरच्याला अंगाने आडवं करणं. जे नाव ऐकून आपण टाळ्या वाजवतो ते फुटबॉलमधल्या एका गुन्ह्याचं नाव आहे. हेल्मेटचा माथा पुढे करून समोरच्यात घुसणं म्हणजे स्पिअरिंग, आणि अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये त्यावर १९७६ पासून बंदी आहे, कारण मारणाऱ्याचीच मान मोडते. रिंगमधला स्पिअर खांद्याने मारतात. डोकं समोरच्याच्या कमरेच्या बाजूला, खांदा बरगड्यांच्या खाली आणि कमरेच्या हाडाच्या वर, म्हणजे वीतभर मऊ जागेत. हात मांड्यांभोवती किंवा कमरेभोवती गुंडाळायचे. खाणाऱ्याचं काम याहून अवघड. खांदा लागायच्या क्षणी टाचांवर भार घेऊन मागे छोटी उडी, श्वास सोडलेला, हनुवटी छातीला घट्ट टेकलेली, आणि पडायचं पाठीच्या वरच्या रुंद भागावर. उडी उशिरा पडली तर बरगडी जाते. हनुवटी सुटली तर डोक्याची मागची बाजू फळ्यांवर आपटते. रिंगच्या कापडाखाली पातळ फोम आणि लाकडी फळ्याच असतात, गादी नव्हे.

त्यात अंतराचा हिशेब धरा. मैदानावर डिफेन्सिव्ह टॅकलला समोरच्यापर्यंत पोचायला एक-दोन पावलं मिळतात. डब्ल्यूसीडब्ल्यूची रिंग १८ फुटी, कोपऱ्यातून तिरपं धावलं तर २५ फूट. सव्वाशे किलोच्या माणसाला ज्या कामासाठी दोन पावलं पुरतात त्यासाठी तुम्ही त्याला २५ फूट देताय आणि वर सांगताय, बाबा, शेवटच्या क्षणी जरा हळू. ‘सगळं खोटं असतं’ म्हणणाऱ्यांसाठी: निकाल ठरलेला असतो, मान्य, नुरा कुस्तीच म्हणा. वजन आणि वेग मात्र ठरवून कमी होत नाहीत.

दुसरा डाव जॅकहॅमर. समोरच्याचं डोकं बगलेत, त्याचा हात आपल्या मानेवर, दुसऱ्या हाताने त्याच्या चड्डीचा कमरपट्टा पकडायचा आणि उचलून डोकं खाली, पाय वर असा उभा धरायचा. दोन-तीन सेकंद तसाच. मग कंबर वळवून त्याला पाठीवर पाडायचं आणि आपण छातीवर आडवं यायचं. खाली येताना गुडघा आणि मोकळा हात आधी टेकवून आपला भार त्यांच्यावर घ्यायचा, नाहीतर खालचा चिरडला. यात सगळा खेळ उभ्या रेषेचा आहे. पाय पूर्ण वर गेले तरच वळता येतं. अर्ध्यावर राहिलं तर वळण नाही, माणूस सरळ डोक्यावर येतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि हेही विसरू नका की याच डावात त्याने पाचशे पौंडांच्या आसपासच्या जायंटला, म्हणजे पुढच्या बिग शोला, उचलून धरलं होतं.

अटलांटातल्या डब्ल्यूसीडब्ल्यूच्या शाळेत, पॉवर प्लँटमध्ये, तो काही महिने शिकला. ती शाळा प्रसिद्ध होती ती दमछाकीसाठी. बैठकांवर बैठका, उलट्या होईपर्यंत. ज्याचा दम आधीच भरलेला आहे त्याला बैठका काय शिकवणार? त्याला शिकवायला हवं होतं पडणं, ऐकणं, हात सैल सोडणं. २२ सप्टेंबर १९९७ ला ह्यू मॉरसविरुद्ध त्याला थेट टीव्हीवर उतरवलं.

आणि डोकं लढवलेलं मान्यच करायला हवं. डब्ल्यूसीडब्ल्यूवाल्यांनी त्याची खोट झाकली आणि तिचंच भांडवल केलं. आतल्या खोलीपासून पहारेकऱ्यांसोबत चालत येणं, ठिणग्यांच्या फवाऱ्यात उभं राहणं, नाकातोंडातून धूर. एवढ्यात जो वेळ जायचा त्याहून कमी वेळात सामना संपायचा. स्पिअर, जॅकहॅमर, एक-दोन-तीन. पाच-सहा सेकंदांच्या स्फोटांवर पोसलेल्या शरीराला याहून सोयीचं काय? घोषणांचा आवाज कधी स्पीकरमधून वाढवलेला असे, विजयांचा आकडाही फुगवलेला; एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात तो टुणकन उडी मारायचा आणि शेवटी १७३ वर जाऊन थांबला. कुणाला फरक पडत नव्हता. ६ जुलै १९९८ ला चाळीस हजारांवर लोकांसमोर त्याने हल्क होगनला पाडून किताब घेतला तो अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये. फाल्कन्सचं घरचं मैदान ते. चार वर्षांपूर्वी तो तिथेच गर्दीतला एक लाइनमन होता.

त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला हॅलोवीन हॅवॉक या कार्यक्रमात डायमंड डॅलस पेजबरोबर दहा मिनिटांवर चाललेला सामना जरूर पाहा. ‘दोन डाव येतात’ म्हणणाऱ्यांना तेवढंच उत्तर पुरे. पेज प्रत्येक हालचाल आधी आखून ठेवणारा गडी, त्याने याला हाताला धरून नेलं. डाव-प्रतिडाव, मध्ये श्वासाला जागा, सगळं बसलं. दुर्दैव असं की कार्यक्रम लांबला आणि पैसे भरून पाहणाऱ्या बऱ्याच लोकांचं प्रक्षेपण ऐन सामन्यात बंद पडलं. कंपनीला दुसऱ्या रात्री तो फुकट दाखवावा लागला.

विजयमालिका तुटली २७ डिसेंबरला, केविन नॅशकडून, मध्ये विजेचा झटका देणारी बंदूक घुसडून. तो गोल्डबर्गचा वाढदिवस होता. कल्पना कुणाचीही असो, दळभद्री होती.

आता दुखरी बाजू. १९ डिसेंबर १९९९, ब्रेट हार्टबरोबरचा सामना. दोरावरून परत येणाऱ्या ब्रेटला गोल्डबर्गने लाथ मारली, ती थेट डोक्याला लागली. रिंगमधली लाथ कशी मारतात? पाय पूर्ण लांब जाण्याआधी गुडघ्यात रोखायचा, समोरचा हात मध्ये आणतो, आणि आवाजासाठी मारणारा स्वतःच्या मांडीवर थाप देतो. ब्रेटचे हात पोचले नाहीत आणि याचा पाय थांबला नाही. ब्रेट त्या अवस्थेत आणखी काही आठवडे लढला, आणि तिथेच जास्त वाट लागली. मेंदूला मार बसलेल्या माणसाने पहिलं काम करायचं ते रिंगपासून लांब राहायचं. त्याची कारकीर्द तिथे संपली. ब्रेटने पुढची कित्येक वर्षं गोल्डबर्गला शिव्या घातल्या. त्याला तो हक्क आहे. पण ज्यांनी धड पडायला न शिकलेल्या माणसाला दोन वर्षांत सगळ्यात मोठ्या सामन्यांत उभं केलं, त्यांच्या वाट्याला त्यातल्या निम्म्याही येत नाहीत, हे मला पटत नाही. काहीच दिवसांनी या पठ्ठ्याने चित्रीकरणात लिमोझिनच्या काचा हाताने फोडल्या. स्वतःचाच हात इतका फाटला की महिनोन् महिने बाहेर. पाय थांबला नव्हता, तसा हातही.

शेजारी रोमन रेन्स या पुढच्या पिढीतल्या रेसलरला ठेवून बघा. तोही डिफेन्सिव्ह टॅकल, तोही जॉर्जियात खेळलेला, फक्त हाडवैरी जॉर्जिया टेक विद्यापीठाकडून. व्हायकिंग्ज, जॅग्वार्स, मग कॅनडात एडमंटन, आणि नारळ. डावही तोच, स्पिअर. फरक शिकवण्यात आहे. २०१० पासून दोन वर्षं शिकाऊ गटात छोट्या गर्दीसमोर, आणि २०१२ च्या नोव्हेंबरात मुख्य कार्यक्रमात आणला तो शील्ड या तिघांच्या टोळीतल्या दोघांसोबत. लांब पल्ल्याचं काम रॉलिन्स आणि अॅम्ब्रोज करायचे, हा शेवटी येऊन धुरळा उडवायचा. म्हणजे लाइनमनचे तेच थोडे सेकंद, पण बाहेर दोरी धरून उभं असताना सामना कसा बांधतात ते रोज डोळ्यांसमोर. पुढे त्याने १,३१६ दिवस किताब सांभाळला आणि अर्ध्या तासाचे सामने केले. गोल्डबर्गला अशी दोन वर्षं मिळालीच नाहीत.

२०१६ मध्ये टोरांटोत त्याने ब्रॉक लेस्नरला १ मिनिट २६ सेकंदांत पाडलं तेव्हा ‘हा काय सामना झाला’ म्हणून ओरड झाली. मला विचाराल तर त्याचा इतका अचूक वापर कुणी केला नव्हता. केविन ओवेन्सकडून २२ सेकंदांत किताब घेतला ते मात्र नको होतं, आणि २०२० मध्ये ५३ व्या वर्षी फीन्डला हरवायला लावलं ते तर अजिबात नको होतं.

आणि ७ जून २०१९, जेद्दाह, अंडरटेकर. रात्रीही भट्टीसारखा उकाडा. गोल्डबर्ग कोपऱ्यात स्पिअर मारायला धावला, अंडरटेकर बाजूला झाला, याचं डोकं लोखंडी खांबावर. रक्त, घेरी. तिथेच सामना गुंडाळायला हवा होता. तो पुढे गेला आणि जॅकहॅमरला अंडरटेकरचे पाय पूर्ण वर गेलेच नाहीत. वर सांगितलं ते आठवा: उभी रेषा नाही, म्हणून वळण नाही, आणि ५४ वर्षांचा माणूस मानेवर उतरला. नशिबाने वाचला.

शेवटचा सामना १२ जुलै २०२५ ला, पुन्हा अटलांटात. जॉर्जिया डोम २०१७ मध्येच पाडला होता, हा त्याच परिसरातल्या दुसऱ्या अरेनात. ५८ वर्षांचा गोल्डबर्ग, समोर गुंथर. गुंथरने घाई केली नाही, त्याला दमवला आणि मागून गळा आवळून झोपवला. या दमाच्या हिशेबात दुसरा कुठला शेवट बसलाही नसता. मग माइक हातात घेऊन तो लोकांशी बोलायला लागला, आणि बोलणं अर्ध्यात असताना टीव्हीवरची वेळ संपली. हॅलोवीन हॅवॉकसारखंच, पुन्हा प्रक्षेपण बंद.