डेटा लॉगरबद्दलच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमच्या वर्कशॉपचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. बुद्ध सर्किटच्या ट्रॅक डेआधी (म्हणजे स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस) आम्ही तुमच्या पोलोत डेटा लॉगर, म्हणजे ट्रॅकवर गाडीचा वेग, जागा आणि लॅपची वेळ नोंदवणारं यंत्र, बसवून दिला आणि ग्रेटर नोएडाहून पुण्याला परतल्यावर तुम्ही दोन स्टार दिलेत. तक्रारी थोडक्यात अशा: लॉगर काचेवर सक्शन कपने लावून हवा होता, आम्ही ते न करता कन्सोल उघडला आणि अर्ध्या दिवसाचं लेबर लावलं, लॉगरचे लॅप टाइम सर्किटच्या टायमिंगशी जुळत नाहीत, ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला असताना ग्राफमध्ये थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) खाली येतो, आणि सगळ्यात जिव्हारी लागलेलं वाक्य, ‘एवढा खर्च करून एक सेकंदसुद्धा कमी झाला नाही’. सोबत फाइलही पाठवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. फाइल समोर असली की अंदाजपंचे बोलावं लागत नाही. उत्तर इथे सगळ्यांसमोर देतोय, कारण गाडी पहिल्यांदा ट्रॅकवर नेणारे बरेच जण हेच प्रश्न घेऊन येतात.

काचेवर लावायला आम्ही नाही म्हटलं हे खरं आहे, आणि पुन्हा विचारलंत तरी नाहीच म्हणू. पहिलं कारण तुमचा जीव. लॉगर, त्याचा हात आणि कप मिळून वजन समजा ३०० ग्रॅम. रस्त्यावर ते काहीच नाही. पण गाडी भिंतीला लागली आणि क्षणभर २० जीचा (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट) झटका बसला तर तेच ३०० ग्रॅम सहा किलोच्या ताकदीने सुटतं, आणि सुटतं ते हेल्मेटच्या उंचीवर. ट्रॅकवर जाण्याआधी डिकीतला जॅक आणि पायातलं मॅट काढायला लावतात ते याचसाठी. त्यातून आपल्याकडचं ऊन. पॅडॉकमध्ये काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत दुपारी एवढी भट्टी होते की रबरी कप आपोआप सैल पडतो. तो पार्किंगमध्ये पडला तर नशीब. ब्रेक मारताना पडला आणि पेडलखाली गेला तर काय, याचा विचार करा.

दुसरं कारण डेटाचं. लॉगरच्या आत ॲक्सिलरोमीटर, म्हणजे झटके आणि ओढ मोजणारा सेन्सर, असतो. तो गाडीच्या बॉडीशी एकजीव असेल तरच गाडीचा जी मोजतो. लांब हाताच्या टोकाला लटकवला की तो त्या हाताचं थरथरणं मोजतो आणि ग्राफ करवतीच्या दात्यांसारखा निघतो. म्हणून आम्ही तो हँडब्रेकच्या पुढे, टनेलवर (दोन सीटांमधल्या पत्र्याच्या फुगवट्यावर), कंपनीच्याच स्टडला ॲल्युमिनियमच्या पट्टीवर नट-बोल्टने आवळला आणि वरून केबल टायचा दोर दिला. बॉडीला एकही भोक पाडलेलं नाही. गाडी विकायची वेळ आली तर अर्ध्या तासात सगळं निघेल. बसवल्यावर गाडी सपाट जमिनीवर उभी करून शून्य सेट केलं. हे वाटतं तेवढं किरकोळ नाही. सेन्सर चार अंश कलला तरी त्या बाजूला ०.०७ जी खोटा दिसतो, आणि रोडच्या टायरवर कसाबसा एक जी मिळत असताना ०.०७ ही मोठी चूक आहे.

अर्धा दिवस मुख्यतः वायरिंगला गेला. ओबीडी सॉकेटच्या (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायच्या सॉकेटच्या) १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा करंट चोवीस तास असतो. तिथूनच लॉगर चालवला आणि गाडी आठवडाभर उभी राहिली तर एक दिवस सकाळी स्टार्टर फिरणार नाही. म्हणून पॉवर इग्निशनच्या फ्यूजवरून वेगळा फ्यूज टाकून घेतली. ओबीडीची केबल डॅशच्या आतून नेऊन बांधली, कारण स्टेअरिंगखाली लोंबणारी वायर क्लचच्या पायात अडकलेली आम्ही पाहिली आहे. जीपीएसची अँटेना छताच्या मधोमध, पत्र्यावर ठेवली. डॅशकॅमच्या शेजारी ठेवणं सोपं होतं, पण डॅशकॅम आणि स्वस्तातले चार्जर जीपीएसच्या सिग्नलमध्ये भरपूर गोंगाट करतात. काम हातात घेण्याआधी लेबरचा आकडा व्हॉट्सॲपवर कळवला होता आणि तुमचा होकार आल्यावरच पाना लावला. त्यामुळे ‘बिल फुगवलं’ हे तुमचे शब्द मला मान्य नाहीत.

आता लॅप टाइम. सर्किटच्या टायमिंगपेक्षा तीन दशांश सेकंदांपर्यंत फरक येतो, कधी इकडे कधी तिकडे, असं तुम्ही लिहिलंय. फरक येतो, बरोबर आहे. सर्किटचं टायमिंग मेन स्ट्रेटवरच्या रेषेखाली पुरलेल्या वायरवर चालतं. तुमच्या गाडीवरचा ट्रान्सपाँडर (गाडीची ओळख सांगणारा छोटा ट्रान्समीटर) तिच्यावरून गेला की वेळ पडते. लॉगरला ती वायर दिसत नाही. नकाशावर आपण आखलेली रेषा ओलांडली की त्याचा लॅप संपतो. फाइलमध्ये दिसतंय की सकाळी लॉगरच्या तयार यादीतलं बुद्ध सर्किट न निवडता फोनवरून नवीन रेषा टाकली गेली, आणि ती तिसऱ्या वळणाच्या अलीकडे पडली. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. दोघांचे लॅप वेगवेगळ्या ठिकाणी कापले गेले. पहिल्या वळणावर गाडी जरा रुंद गेली तर सर्किटच्या हिशेबात ती चूक नव्या लॅपमध्ये पडते आणि लॉगरच्या हिशेबात जुन्याच. शिवाय ती जागा हळू वेगाची आहे. ताशी १४४ किलोमीटरला गाडी सेकंदाला ४० मीटर कापते, तेव्हा जीपीएस एक मीटर चुकला तरी वेळेत २५ सहस्रांशांची चूक होते. ७२ च्या वेगात तोच एक मीटर दुप्पट महाग पडतो. रेषा नेहमी सर्वांत वेगवान सरळ भागावर ठेवायची ती एवढ्यासाठी. नवीन काहीही न नोंदवता, तुमचीच फाइल आम्ही यादीतल्या रेषेवर पुन्हा मोजली. फरक तीन-चार शतांशांवर आला. जीपीएसकडून याहून जास्त मागू नये. शर्यतीचा निकाल लावायला ट्रान्सपाँडर असतो, आणि लॉगर असतो तो वेळ कुठे गेला हे शोधायला.

थ्रॉटलची तक्रार सगळ्यात चांगली आहे, कारण तुम्ही ग्राफ खरोखर बारकाईने बघितलाय. तुमचा पाय पूर्ण खाली होता, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तुमच्या गाडीत पेडलपासून इंजिनपर्यंत केबल जात नाही. पेडल फक्त मागणी नोंदवतं, बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलची झडप, किती उघडायचा ते ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो. टर्बो पेट्रोलमध्ये टॉर्कची मर्यादा आली, गिअर बदलला किंवा चाक फिरतंय असं ट्रॅक्शन कंट्रोलला वाटलं की ईसीयू बटरफ्लाय मिटवतो, तुम्ही पेडल फ्लोअरला चिकटवून ठेवलं असलं तरी. तुम्ही उघडलेला ग्राफ बटरफ्लायचा आहे. पायाचा ग्राफ हवा असेल तर यादीत त्याच्या खालीच ‘पेडल पोझिशन’ नावाचं चॅनेल आहे, तेही आम्ही चालू करून ठेवलंय. त्यात पाय उचलल्यावर आकडा शून्याला येत नाही आणि पूर्ण दाबल्यावर शंभरला जात नाही, बऱ्याच गाड्यांत तसंच असतं. आकड्यापेक्षा आकार बघा. दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवलेत की कुठे तुम्ही पाय उचललात आणि कुठे गाडीने तुम्हाला अडवलं, हे वेगळं दिसतं. ही माहिती पैसे मोजून घेण्यासारखी आहे.

एक सूचना. ओबीडीवरून आणखी आठ-दहा चॅनेल चालू करू नका. लॉगर एकेक आकडा विचारतो आणि गाडी एकेक उत्तर देते. यादी जितकी लांब, तितकं प्रत्येक उत्तर उशिरा. आरपीएम, पेडल, बटरफ्लाय आणि कूलंटचं तापमान पुरे आहे. वेग जीपीएसचाच बघायचा.

आणि आता तो एक सेकंद. लॉगर बसवून कोणाचीच गाडी वेगवान होत नाही, हे गाडी सोडतानाही बोललो होतो. पण तुमच्या फाइलमध्ये वेळ शिल्लक आहे, भरपूर आहे, आणि कुठे आहे ते दाखवतो.

तिसरं वळण. उजवीकडे, चढावर, आणि पुढचं दिसत नाही. त्यानंतर या सर्किटवरची सर्वांत लांब सरळ धाव, थेट चौथ्या वळणापर्यंत. तुमचा चौथा आणि सहावा लॅप एकमेकांवर ठेवले. चौथ्या लॅपमध्ये वळणातला सर्वांत कमी वेग सहाव्यापेक्षा पाच किलोमीटरने जास्त आहे. रिव्ह्यूत तुम्ही त्या लॅपचाच उल्लेख केलाय, ‘जोरात गेलो तरी टाइम नाही’. बरोबर, कारण त्या वेगामुळे गाडी बाहेर फेकली गेली आणि पेडल पुन्हा पूर्ण दाबायला उशीर झाला. सहाव्यात तुम्ही हळू आत शिरलात, गाडी आधी सरळ केलीत, आधी पाय दाबलात, आणि बाहेर पडताना तीन किलोमीटर पुढे होतात. ते तीन किलोमीटर पूर्ण स्ट्रेटभर तुमच्या सोबत राहिले. चौथ्या वळणापर्यंत वेळेच्या फरकाची रेषा जवळपास तीन दशांश खाली उतरते. तुम्हाला हळू वाटलेला लॅप वेगवान होता, आणि हे अंगाला कधीच कळत नाही.

त्याच स्ट्रेटच्या शेवटी बघा. ब्रेकचा सेन्सर आपण लावलेला नाही, पण पुढे-मागे जी दाखवणारी रेषा ब्रेकचं सगळं सांगते. पेडलची रेषा पडते, मग जी उणे ०.१५ च्या आसपास रेंगाळतो, आणि नंतर झपकन उणे ०.९ ला जातो. ते रेंगाळणं म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवरही नाही आणि ब्रेकवरही नाही. प्रत्येक लॅपला तुम्ही तिथे सुमारे ०.८ सेकंद असे काढता. १७० च्या वेगात ते ३७-३८ मीटर होतात. भीतीपोटी होतं हे, सगळ्यांचं होतं, त्यात कमीपणा काही नाही. ब्रेक उशिरा मारा असं मी मुळीच सांगत नाही; ब्रेक तिथेच मारा, फक्त तिथपर्यंत पाय दाबून ठेवा. आमच्या मते तुमचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुरक्षित फायदा इथे आहे.

दहाव्या-अकराव्या वळणाची लांब कमान पुढच्या वेळी. ती अवघड आहे, आधी वरच्या दोन गोष्टी हातात येऊ द्या.

समोर स्क्रीन नाही ही तक्रारही होती. हवी असेल तर डॅशवर, स्टेअरिंगच्या रेषेखाली, स्क्रू लावून छोटा डिस्प्ले बसवता येतो; त्याचा खर्च वेगळा सांगीन. पण पहिल्या काही ट्रॅक डेंना चालू लॅपचा आकडा डोळ्यांसमोर नसलेलाच बरा, असं माझं ठाम मत आहे. आकडा हिरवा झाला, म्हणजे लॅप आधीपेक्षा वेगवान चाललाय असं दिसलं, की माणूस पुढच्याच वळणात जास्त आत शिरतो.

फाइल उघडून समजावून सांगायला कोणी बसलं नाही, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. गाडी न्यायला आलात तेव्हा तुम्हाला त्याच रात्री निघायचं होतं, म्हणून ते बोलणं परतल्यावर करायचं ठरलं होतं. ते अजून बाकी आहे आणि त्याचे पैसे नाहीत. कुठल्याही शनिवारी दुपारनंतर या, लिफ्ट मोकळी असते. लॅपटॉप आणा, त्यात सॉफ्टवेअर टाकून देतो. ब्रॅकेटचे बोल्ट एवढ्या प्रवासानंतर एकदा तपासायचेच आहेत, तेही तेव्हाच करू. आणि सकाळच्या सेशनची फाइल डिलीट केली नसेल तर तीही घेऊन या. टायर थंड असताना तुमचा ब्रेकिंग पॉइंट कुठे होता ते मला बघायचंय.