नील बेटाला अर्धा दिवस देऊ नका

अंदमानच्या सहलीची जी छापील रूपरेषा मराठी कुटुंबांच्या हाती पडते, ती बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, मग स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉक, एक दिवस बारातांगच्या चुनखडीच्या गुहा, आणि या सगळ्याच्या मधल्या फटीत, एका बोटीतून उतरून दुसऱ्या बोटीत चढेपर्यंतच्या चार तासांत, शहीद द्वीप म्हणजेच नील बेट. सेल्युलर जेलच्या दिवसाला माझी काहीच हरकत नाही. १९११ ते १९२१ हा काळ सावरकरांनी जिथे काढला, तिथे मराठी माणसाने जावे आणि घाई न करता जावे. माझे म्हणणे त्या चार तासांबद्दल आहे. या लहानशा बेटावर मी दोनदा जाऊन आले आहे, एकदा त्या छापील पद्धतीने आणि एकदा स्वतः आखणी करून. दोन्ही वेळा मी एकाच जागी गेले होते यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

पहिल्या वेळी आमची आखणी एका प्रवास कंपनीने केली होती. आम्हाला दुपारी बाराच्या सुमारास लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर नेण्यात आले. तिथे प्रवाळखडकाची एक नैसर्गिक कमान आहे, तिला तिथले लोक हावडा ब्रिज म्हणतात, आणि नील बेटाचे छायाचित्र म्हणून सगळीकडे तीच छापली जाते. पाणी चढतीला लागले होते. ज्या खडकांवरून चालत कमानीपर्यंत जायचे, ते निम्मे पाण्याखाली गेलेले, उरलेल्या निम्म्यांवर शेवाळ. माझी आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. तिने वीसेक पावले टाकली, एका दगडावर हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी इथे थांबते." आम्हीही फार पुढे जाऊ शकलो नाही. परतताना तिने वाटाड्याला विचारले की आज तिथी कोणती आहे. त्याला ते सांगता आले नाही. आईने बोटांवर मोजले आणि अष्टमी काढली. "अष्टमीला भांगाचे पाणी. धड चढत नाही, धड उतरत नाही. ही जागा बघायला आजचा दिवस निवडलाच कोणी?" असे ती बोटीत बसेपर्यंत विचारत होती.

तिचा प्रश्न बरोबर होता. समुद्राचे पाणी रोज दोनदा चढते आणि दोनदा उतरते, पण रोज सारखेच नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती येते आणि तितकीच खोल ओहोटीही लागते. शुद्ध आणि वद्य अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ एकमेकींना काटकोनात असते आणि पाण्याची चढ-उतर मंदावते. यालाच कोकणात भांग म्हणतात. पाण्याची वेळही दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ज्या बेटाचे सगळे वैभव ओहोटीला उघडे पडणाऱ्या खडकांत आणि भरतीला भरणाऱ्या उथळ प्रवाळात आहे, त्या बेटाची आखणी या हिशोबाशिवाय करणे म्हणजे अंधारात बाण मारणे आहे. तरीही आजवर माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही छापील रूपरेषेत तिथी किंवा ओहोटीची वेळ दिलेली नव्हती.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही विमानाची तिकिटे काढण्याआधी भिंतीवरची दिनदर्शिका काढली. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते, म्हणजे अमावास्या लगेच तिच्या पाठीवर. त्या काळात समुद्र सहसा शांत असतो, हवा कोरडी असते, शाळांना सुट्ट्या नसल्याने गर्दीही कमी असते. आम्ही महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी नील बेटावर पोहोचायचे ठरवले आणि तिथेच चार रात्री राहायचे ठरवले. आईने तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशोब मांडून ठेवला होता. तो कोकण किनाऱ्यावर चालतो, अंदमानात चालत नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याची भरतीची घटका वेगळी असते. तिथी सगळीकडे तीच, घटका मात्र त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यावी लागते. हे तक्ते आता घरबसल्या पाहता येतात, फक्त ते श्री विजयपुरमचे, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरचे आहेत याची खात्री करून घ्यावी.

त्या अमावास्येला दुपार उतरू लागली तसे आम्ही पुन्हा त्याच दुसऱ्या किनाऱ्यावर गेलो. पाणी इतके मागे हटले होते की आईला जागा ओळखता येईना. जिथे पहिल्या वेळी गुडघाभर पाणी होते, तिथे आता खडकांचे मोठे पठार उघडे पडले होते आणि त्यात ताटाएवढ्या, परातीएवढ्या शेकडो कुंड्या पाण्याने भरून राहिल्या होत्या. आई कमानीपर्यंत काठी टेकत सावकाश चालत गेली. पण तिला कमानीपेक्षा वाटेतल्या एका कुंडीने धरून ठेवले. तिच्या तळाशी, खडकात अर्धवट रुतलेला एक महाशिंपला होता. त्याच्या उघड्या ओठांची निळी-हिरवी झालर, त्यावर बारीक ठिपके, आणि ती झालर पाण्यात अगदी हलके हलत होती. आई बघायला वाकली आणि तिची सावली त्याच्यावर पडली, त्याबरोबर त्याने झालर आत ओढून घेतली. आई मागे सरली. दोन-तीन मिनिटांनी तो पुन्हा हळूहळू उघडला. ती दुसऱ्या बाजूने, सूर्य समोर ठेवून बसली, म्हणजे सावली पडणार नाही, आणि तशी पाऊण तास बसून राहिली. शेजारच्या कपारीतून एक तारामासा आपले बारीक, सापासारखे वळणारे हात बाहेर काढत होता. चार तासांच्या सहलीत यातले काहीही दिसण्याची शक्यता नाही, कारण यातल्या कशालाही घाई चालत नाही.

याच जागी मला एक गोष्ट फार खुपली आणि ती लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्याजवळच एका गटाचा वाटाड्या समुद्रकाकडी पाण्यातून उचलून पर्यटकांच्या तळहातावर ठेवत होता. घाबरलेल्या समुद्रकाकडीच्या अंगातून पाण्याची पिचकारी उडते, लोक ओरडतात, हसतात, फोटो काढतात, आणि मग ती पुढच्या हातावर जाते. समुद्रकाकडी, कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखा यांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली वाघाइतकेच संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा घरी आणता येत नाही आणि विमानतळावर सामानाच्या तपासणीत तो काढून घेतला जातो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, आपण ज्याला पाहायला एवढ्या लांब आलो, त्याला हाताळून, उन्हात धरून मारू नये, हे मुलांना बोटीत बसण्याआधीच सांगायला हवे. वाटाडे पर्यटकाला जे आवडते ते दाखवतात. आम्ही आमच्या वाटाड्याला सुरुवातीलाच सांगितले होते की काही उचलू नका, फक्त बोट दाखवा, आणि त्याने ते मनापासून पाळले. उलट, त्याच्याकडे सांगण्यासारखे किती होते ते त्यामुळेच कळले.

भरतपूरच्या किनाऱ्याचे गणित याच्या अगदी उलट आहे. तिथे उथळ पाण्याखाली प्रवाळ पसरलेले आहे आणि काचेच्या तळाच्या बोटी तिथूनच सुटतात. ओहोटीला तिथे पोहायला उतरलात तर पाय प्रवाळावर पडतो, पाय कापतो आणि प्रवाळही मोडतो, म्हणून तिथे भरतीलाच जावे. अंदमानच्या प्रवाळाने २०१० आणि २०१६ साली समुद्राचे पाणी तापल्यामुळे मोठी रंगहानी सोसली आहे. पाणी नेहमीपेक्षा अधिक आणि दीर्घकाळ तापले की प्रवाळ आपल्या अंगातले शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. असा प्रवाळ उपाशी असतो, लगेच मेलेला नसतो. त्याला सावरायला वर्षे लागतात आणि त्या वर्षांत आपल्या टाचेचा एक धक्काही त्याला महागात पडतो. उन्हापासून बचावासाठी अंगाला क्रीम थापण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. काही क्रीममधली रसायने प्रवाळाला घातक ठरतात म्हणून पलाऊसारख्या बेटराष्ट्राने २०२० पासून त्यांवर बंदी घातली आहे.

आता उजेडाबद्दल. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि नील बेट ९३ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे तिथला सूर्य आपल्या घड्याळापेक्षा सुमारे बेचाळीस मिनिटे पुढे असतो. डिसेंबरात पहाटे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि संध्याकाळी पाचला मावळतो. सकाळी नऊला निवांत न्याहारी करून बाहेर पडणारे कुटुंब दिवसातला सर्वांत सुंदर प्रहर झोपेत घालवून बाहेर पडलेले असते. नील बेटावर सूर्योदयासाठी सीतापूर आणि सूर्यास्तासाठी लक्ष्मणपूर, ही दोन टोके आहेत. ही दोन्ही टोके एकाच दिवशी पाहायची असतील, तर बेटावर किमान एक रात्र काढावीच लागते. बोटीच्या वेळापत्रकात मावणाऱ्या माणसाला यातले एकही टोक मिळत नाही, त्याला मिळते ते भर दुपारचे ऊन.

बेट सपाट आहे. धक्क्यापासून सीतापूरपर्यंत पाच-सहा किलोमीटर, म्हणून सायकल पुरते. वाटेत भातखाचरे, सुपारी, केळी, भाजीचे मळे लागतात. अंदमानच्या बाजारात जाणारी बरीचशी भाजी इथे पिकते. बेटावर सुमारे तीन हजार लोक राहतात, बहुतेक पूर्व पाकिस्तानातून आलेल्या आणि सरकारने इथे वसवलेल्या बंगाली कुटुंबांतले. रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर ही रामायणातली नावे आहेत. बेटाचे नील हे इंग्रजी नाव १८५७ चे बंड मोडणाऱ्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याचे होते, हॅवलॉकचेही तसेच. २०१८ च्या डिसेंबरात ही दोन्ही नावे बदलून शहीद आणि स्वराज अशी ठेवली गेली. नेताजींनी १९४३ साली पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकावला, त्याला तेव्हा पंच्याहत्तर वर्षे झाली होती. रोजच्या बोलण्यात लोक अजून नीलच म्हणतात, म्हणून मीही इथे तेच वापरले आहे.

मग दिवस आणायचे कुठून, असा प्रश्न सहलीतले सगळेजण विचारतात. माझे उत्तर स्पष्ट आहे, बारातांग वगळा. त्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवा या अंदमानच्या मूळ आदिवासी लोकांच्या राखीव क्षेत्रातून जातो. त्या रस्त्याचा काही भाग बंद करावा असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले होते, तरी पर्यटकांच्या गाड्यांचे ताफे त्यातून जातच राहिले. मध्यरात्री उठून त्या ताफ्यात बसायचे आणि गाडीच्या काचेतून माणसे दिसतात का ते पाहायचे, हे मला कोणत्याही कारणाने पटत नाही. तो दिवस वाचला की नील बेटाला दोन रात्री सहज मिळतात. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याला एक पूर्ण दिवस द्यावा, तो खरोखरच देखणा आहे. पण तिथे धक्का, हॉटेल आणि किनारा यांत अंतरे मोठी आहेत आणि वर्दळही जास्त असते, म्हणून लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर मुक्काम नीलला जास्त आणि हॅवलॉकला कमी ठेवावा.

ऋतूबद्दल थोडक्यात सांगते. दरवर्षी मे महिन्यात आपण "मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी आनंदाने वाचतो आणि त्याच आठवड्याची तिकिटे काढून ठेवलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. शाळेच्या सुट्टीतच जायचे असेल तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापुढे जाऊ नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे उठतात. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि त्यावर कुणाचाही इलाज नसतो. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री श्री विजयपुरमलाच मुक्काम असावा. नील बेटावरून सकाळची बोट आणि दुपारचे विमान अशी सांगड कोणी घालून देत असेल तर ती नाकारावी. आमच्या पहिल्या सहलीत तीच घातली होती. बोट दीड तास उशिरा सुटली आणि आईने तो सगळा वेळ हातातली जपमाळ न सोडता काढला.

आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. लहान बेटावर पावसाचे गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, त्याचा थर पातळ असतो आणि उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर येते. उन्हाळ्याच्या तोंडावर विहिरीच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात आपण दिवसातून तीनदा शॉवरखाली उभे राहत असू, तर ते पाणी कोणाच्या तरी मळ्यातून वळलेले असते. पाण्याच्या बाटल्यांचा कचराही मुख्य बेटाकडे बोटीनेच परत न्यावा लागतो, म्हणून भरून घेता येतील अशा बाटल्या घरूनच न्याव्यात. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. अंदमानच्या खाड्यांत आणि खारफुटीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, किनाऱ्यावरच्या इशाऱ्याच्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. पोहायला उतरण्याआधी जीवरक्षकाला किंवा कोळ्याला विचारावे आणि दिवस मावळल्यावर पाण्यात जाऊ नये.

दुसऱ्या सहलीतल्या शेवटच्या पहाटे आई माझ्या आधी उठून बाहेर जाऊन बसली होती. अमावास्या उलटून दोन दिवस झाले होते, अजून अंधार होता आणि आकाश ताऱ्यांनी भरले होते. तिच्या मांडीवर भरती-ओहोटीचा छापलेला तक्ता होता आणि त्याच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने तिने गेल्या चार दिवसांच्या तिथी आणि त्यांच्यासमोर ओहोटीच्या घटका लिहिल्या होत्या. कोकणच्या हिशोबात किती मिळवले म्हणजे नीलची वेळ येते, ते ती ताळा करून पाहत होती.