पुट, गेट, टेक आधी शिका, ती मांजरं-कुत्री नंतर

भाच्याची स्पोकन इंग्लिशच्या क्लासची वही परवा हातात पडली. पहिल्याच पानावर रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज, खाली किक द बकेट, अ‍ॅट सिक्सेस अँड सेव्हन्स, समोर मराठी अर्थ आणि लाल पेनाने रेघा. अरे पण मुसळधार पाऊस पडत असेल तर तिकडचा माणूस साधं इट्स पोअरिंग म्हणून मोकळा होतो, कॅट्स अँड डॉग्ज रोजच्या बोलण्यात फारसं कोणी म्हणत नाही. आणि त्या किक द बकेटचा अर्थ वहीत काय, तर फक्त ‘मरण पावणे’. ते थट्टेतलं बोलणं आहे हो, आपल्याकडे ‘गचकला’ म्हणतात तसं. उद्या हा पोरगा कुणाच्या सांत्वनाला जाऊन हे बोलला म्हणजे झालं कल्याण.

क्लासवाल्यांचंही काय चुकतं म्हणा, एमपीएससी घ्या, तलाठी भरती घ्या, इंग्रजीच्या प्रश्नांत इडियम्स अँड फ्रेझेस असतातच आणि मार्क तिथे मिळतात. तेव्हा ज्यांना परीक्षा द्यायचीय त्यांनी खुशाल घोका. माझं भांडण ‘बोलायला शिकवतो’ म्हणून पैसे घेऊन परीक्षेची यादी पाठ करून घेतात त्याच्याशी आहे.

कारण बोलताना आपण अडतो ते भलत्याच ठिकाणी. आमच्या टीममध्ये एक हुशार पोरगा होता, परदेशी शिकायला जायच्या जीआरई परीक्षेची तयारी केलेला, ऑब्सिक्विअस, पर्निशस असले शब्द त्याला तोंडपाठ. इंग्लंडच्या क्लायंटकडची बाई एकदा घाईत म्हणाली, लेट्स कॉल ऑफ द फाइव्ह ओ’क्लॉक. म्हणजे पाचची मीटिंग रद्द. ह्याने त्यातला ‘कॉल’ तेवढा पकडला आणि हेडफोन लावून सात वाजेपर्यंत बसला, मध्ये दोनदा चहा पण सोडला. कॅन्सल म्हणाली असती तर लगेच कळलं असतं! आपल्याला पोस्टपोन कळतं पण पुट ऑफ कळत नाही, टॉलरेट येतं आणि पुट अप विथ आलं की आपण नुसती मान डोलावतो. पुस्तकातनं इंग्रजी शिकलो की मोठे शब्द आधी येतात, डिक्शनरीत एका शब्दाला एक अर्थ सापडतो ना. आमच्या वेळी तर इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून ते २००० साली सुरू झालं, पण पुट, गेट, टेक, गिव्ह यांच्यापुढे अप, ऑफ, आउट, इन लागलं की काय काय होतं हे नीट बसून तेव्हाही कोणी शिकवलं नाही आणि भाच्याच्या वहीतही त्याचा पत्ता नाही.

यात एक गंमत आहे बघा. सी. के. ऑग्डेन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९३० मध्ये बेसिक इंग्लिश म्हणून एक छोटी इंग्रजी काढली, सगळे मिळून ८५० शब्द आणि त्यात क्रियापदं किती तर १८. कम, गेट, गिव्ह, गो, पुट, टेक, मेक वगैरे. परक्या माणसाला सोपं जावं म्हणून केलेलं, पण सरेंडर काढून टाकला की गिव्ह अप म्हणावं लागतं, म्हणजे शब्द कमी झाले आणि डोक्याला ताप तेवढाच राहिला. आपल्या ‘लागणे’चं तरी काय वेगळं आहे, भूक लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, ठेच लागते, वेळ लागतो, नाद लागतो. आपण हे यादी करून शिकलो नाही, घरात बोलताना कानावर पडून पडून आलं.

म्हणून मी भाच्याला वही बंद करायला लावली आणि म्हटलं इंग्रजी कॉमेंट्री ऐक. क्रिकेट त्याच्या रक्तात आहे त्यामुळे तिथले वाक्प्रचार त्याला आपोआप लागतात. स्टिकी विकेट म्हणजे अवघड परिस्थिती, स्टम्प्ड म्हणजे उत्तरच सुचेना, बोल्ड ओव्हर म्हणजे एखाद्यावर एकदम फिदा, ऑफ हिज ओन बॅट म्हणजे कोणी न सांगता स्वतःहून केलेलं. ओल्या पिचवर बॉल कसा उसळतो ते माहीत असलेल्या पोराला स्टिकी विकेटचा अर्थ वहीत लिहून कशाला द्यायचा?

अमेरिकन क्लायंट असेल तर मात्र पंचाईत. ते बॉलपार्क फिगर मागणार म्हणजे अंदाजे आकडा, टच बेस करू म्हणणार म्हणजे थोडक्यात बोलून घेऊ, आणि अचानक नवीन भानगड निघाली की त्याला कर्व्हबॉल. सगळं बेसबॉलमधलं. आता आपल्याकडे बेसबॉल बघतंय कोण, तेव्हा ही पाच-सहा अमेरिकन प्रकरणं सरळ पाठ करून टाकायची, तेवढ्यापुरती वही चालेल.